दुर्बीण-तपासणीनंतर मुलांची शुश्रूषा

आजार बरा व्हावा म्हणून जो उपाय करावा लागतो, त्या उपायाचाहि थोडाबहुत त्रास असतोच. पायांतला कांटा काढावयाचा म्हणजे सुई टोचून घ्यावी लागते, आणि कांटा निघाल्यावरहि ती जागा दिवसभर ठुसठुसते. मोठीं माणसें हें समजून असतात. मुलांस मात्र तें कोणीतरी समजावून सांगावें लागतें, आणि ती ठुसठूस होतां होईल तों कमी करण्याचें कामहि मोठ्यांकडेच येतें. पोटाच्या विकारांसाठीं मुलांची जी दुर्बिणीनें तपासणी करितात, जिला डॉक्टर लोक एंडोस्कोपी म्हणतात, तिच्या बाबतींत ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तपासणी बहुधा पंधरा-वीस मिनिटांत उरकते. पुढचा दिवस-दीड दिवस मात्र घरच्या माणसांच्या हातीं असतो. त्या वेळांत काय करावें व काय करूं नये, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कसा आला, असें कोणी विचारील. त्याचें कारण प्रथम सांगतों. आमच्या वसतिगृहांतील सहाव्या इयत्तेंतला एक मुलगा कांहीं महिने पोटदुखीनें हैराण होता. जेवतांना घांस छातींत अडकतो असें तो म्हणे, आणि ताटांतलें अर्धें अन्न तसेंच टाकून उठे. डॉक्टरांनीं दुर्बीण-तपासणी सांगितली. वडील ऊसतोडणीच्या कामासाठीं दूर गेलेले, आई गांवाहून एकटीच आलेली. म्हणून तिच्या सोबतीस आम्ही इस्पितळांत गेलों. जातांना वाटेंत मुलानें आम्हांस विचारिलें, “सर, दुखेल का हो?” आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलें, “छे रे! कांहीं सुद्धां होणार नाहीं. झोपशील आणि उठशील.” तपासणी नीट पार पडली. परंतु जागा झाल्यावर त्याचा घसा खवखवूं लागला, पोट तडतडून फुगलें, आणि सलाईनची सुई टोंचलेला हात दुखूं लागला. तो रडला नाहीं. आमच्याकडे एकदां पाहून तोंड भिंतीकडे फिरवून निजला, आणि वसतिगृहांत परत येईपर्यंत आमच्याशीं एक शब्दहि बोलला नाहीं. घसा दुसऱ्या दिवशीं बरा झाला. आमच्या शब्दावरचा त्याचा विश्वास परत येण्यास पुष्कळच अधिक दिवस लागले. ही चूक आमची होती, इस्पितळाची नव्हे. ती इतरांच्या हातून होऊं नये, हा या लेखाचा एक हेतु आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. जिवंत माणसाच्या पोटांत डोकावून पाहण्याची खटपट फार जुनी आहे. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें कुसमाउल नांवाच्या वैद्यानें १८६८ सालीं एका तलवार गिळणाऱ्या खेळियाच्या जठरांत सुमारें ४७ सेंटिमीटर लांबीची एक सरळ, ताठ नळी उतरविली. तलवार गिळणाराच तो. त्याला तें साधलें. इतरांस साधणें कठीणच होतें. नळी वांकती झाल्याखेरीज सामान्य रोग्यास, आणि त्यांतून मुलास, तिचा उपयोग नव्हता. ही अडचण कांचेच्या केसासारख्या बारीक तंतूंनीं दूर केली. अशा हजारों तंतूंचा जुडगा वांकविला तरी त्यांतून प्रकाश व चित्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास पोंचतें, हें लंडन येथें हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. यांतील कपानी हे पंजाबांतील मोगा गांवचे, ही आपणां भारतीयांस अभिमानाची गोष्ट आहे. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंत हिर्शोविट्झ यांनीं अशा तंतूंची वांकती दुर्बीण तयार केली, व रोग्याच्या घशांत घालण्यापूर्वीं ती स्वतःच्या घशांत उतरवून पाहिली. आतां नळीच्या टोंकाशींच चिमुकला कॅमेरा असतो व चित्र पडद्यावर दिसतें. मोठ्या माणसांची नळी सुमारें करंगळीएवढी जाड असते. लहान मुलांसाठीं पांच-सहा मिलिमीटर जाडीची, म्हणजे शाळेंतल्या पेन्सिलीहूनहि बारीक, नळी मिळते.

ही नळी तोंडांतून अन्ननलिका, जठर व लहान आंतड्याचा आरंभींचा भाग येथपर्यंत नेतात. किंवा गुदद्वारांतून मोठ्या आंतड्यांत नेतात. मुलानें गिळलेलें नाणें काढण्यासाठीं, गव्हांतील ग्लूटेन सोसत नाहीं कीं काय हें पाहण्यासाठीं, रक्त कोठून जातें याचा शोध घेण्यासाठीं, अशा अनेक कारणांसाठीं ती घालावी लागते. बहुधा आंतील अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे चिमट्यानें काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यास पाठवितात. हे तुकडे काढण्याचें दुःख मुलास होत नाहीं, कारण त्या अस्तरास कापल्याची वेदना कळत नाहीं. मग मागाहून त्रास होतो तो कशाचा?

त्याचीं कारणें चार-पांच आहेत, आणि प्रत्येकावरील उपाय निराळा आहे, म्हणून तीं वेगवेगळीं सांगतों. पहिलें कारण घशाचें. नळी घशावरून सरकते, आणि कधीं कधीं श्वासासाठीं भूलतज्ज्ञ दुसरी एक नळी श्वासनलिकेंत घालितात. या घासण्यानें घसा एक-दोन दिवस खवखवतो. दुसरें कारण हवेचें. जठर व आंतडें हीं रिकाम्या पिशवीसारखीं मिटलेलीं असतात. आंत नीट दिसावें म्हणून नळींतून हवा भरून तीं फुगवावीं लागतात. शेवटीं डॉक्टर ती हवा ओढून घेतात, तरी थोडी मागें राहते, व ढेंकर किंवा वारा सरेपर्यंत पोट दुखतें. तिसरें कारण भुलेचें. भुलेच्या औषधांनीं कांहीं मुलांस मळमळतें, कांहींस ओकारी होते, आणि पांच-सहा वर्षांखालचीं कांहीं मुलें जागीं होतांना भांबावून रडतात, आईलाहि ओळखीत नाहींत. चवथें कारण सुईच्या जागेचें, आणि पांचवें उपाशी राहण्याचें. हें शेवटचें कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पण उपाशी, तहानलेलें मूल सर्वच दुःख दुपटीनें भोगतें.

यांतील बराचसा त्रास तपासणीपूर्वींच टाळतां येतो. उपाशी ठेवण्याचा सर्वसाधारण नियम असा आहे कीं, जेवण व वरचें दूध सहा तास आधीं बंद, आईचें दूध चार तास आधीं, आणि पाणी, साखरेचें पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस असे पारदर्शक पदार्थ दोन तास आधीं. कांहीं ठिकाणीं पारदर्शक पेय एक तास आधींपर्यंतहि देऊं देतात. तेलकट व जड जेवण झालें असेल तर आठ तास जाऊं द्यावे लागतात. आपल्या डॉक्टरांनीं जी वेळ सांगितली असेल तीच पाळावी. परंतु ‘सकाळीं दहा वाजतां तपासणी, म्हणून रात्रीपासून पाण्याचा थेंबहि नको’ असें स्वतःच ठरवूं नये. पाणी कोणत्या वेळेपर्यंत चालेल, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें, व त्या वेळेस मुलाला उठवून पाणी पाजावें. याच्या उलट, दया येऊन चोरून बिस्किट देणें हें तर फारच घातक. भुलेंत जठरांतलें अन्न वर येऊन फुफ्फुसांत गेलें, तर जिवावर बेततें.

सुईचें दुःख कमी करण्यासाठीं कातडी बधिर करणारें मलम मिळतें. तें सुमारें एक तास आधीं हाताला लावून झांकून ठेवितात. हवेच्या त्रासावरहि चांगला उपाय निघाला आहे. साध्या हवेंत बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो, व तो आंतड्यांतून रक्तांत फार हळू शिरतो. त्याऐवजीं कार्बन डायऑक्साइड वायु वापरिला तर तो नायट्रोजनच्या कितीतरी पटींनीं लवकर रक्तांत शोषिला जातो व श्वासावाटें बाहेर पडतो. त्यामुळें पोट फार वेळ फुगून राहत नाहीं. विशेषतः मोठ्या आंतड्याच्या तपासणींत याचा गुण दिसून आला आहे. ‘आपल्याकडे हा वायु वापरितात का?’ असें डॉक्टरांस नम्रपणें विचारण्यास कांहींच हरकत नाहीं. पूर्वीं भुलेनंतर मुलास फार ओकाऱ्या झाल्या असतील, तर तेंहि भूलतज्ज्ञांस आधींच सांगावें. ओकारी न व्हावी म्हणून औषध देतां येतें.

मोठ्या आंतड्याची तपासणी असेल तर आदल्या दिवशीं पोट साफ करण्याचें औषध पाण्यांत कालवून पुष्कळ प्यावें लागतें, आणि मुलें तपासणीपेक्षां यालाच अधिक कंटाळतात. तें पाणी गार करून, थोडें थोडें, नळीनें ओढीत प्यावयास दिलें म्हणजे चव कमी लागते. वारंवार शौचास जाऊन जागा लाल होते व चुरचुरते. तेथें पहिल्यापासूनच व्हॅसलीन लावावें, व कागदानें न पुसतां कोमट पाण्यानें धुवावें.

आतां तपासणीनंतरच्या पहिल्या तासाकडे वळूं. मूल जागें होतांना आईनें किंवा ओळखीच्या माणसानें उशाशीं असावें. मूल भांबावून आरडाओरडा करूं लागलें, तर त्याला रागावूं नये व समजुतीच्या गोष्टीहि फार सांगूं नयेत. त्या वेळीं त्याला त्या कळत नाहींत. दिवा मंद करावा, हलक्या आवाजांत त्याचें नांव घ्यावें, तें पडूं नये याची काळजी घ्यावी. हा प्रकार बहुधा अर्ध्या तासांत आपोआप शमतो, व पुढें मुलाला त्याची आठवणहि राहत नाहीं. गुंगींत असलेल्या मुलास उताणें न निजवितां कुशीवर निजवावें, म्हणजे ओकारी झाली तरी ती श्वासनलिकेंत जाणार नाहीं.

घशांत बधिर करणारें औषध फवारिलें असेल, तर गिळण्याची शक्ति परत येईपर्यंत, म्हणजे सुमारें एक तास, कांहींहि देऊं नये. नाहींतर पाणी चुकीच्या वाटेनें जाईल. मूल पुरतें जागें होऊन परिचारिकेनें परवानगी दिल्यावर प्रथम पाण्याचे दोन घोट द्यावे. ते पोटांत राहिले तर दहा-पंधरा मिनिटांनीं आणखी द्यावे. मग सरबत, पातळ पेज, गार दूध; नंतर मऊ ताकभात, केळें, शिरा किंवा मुगाची खिचडी. घसा दुखत असतां गार पदार्थ सुखावतात, म्हणून त्या दिवसापुरतें आइस्क्रीम औषधच समजावें. मुलानें नको म्हटलें तर बळेंच भरवूं नये. भजीं, चिवडा, पापड, कुरकुरीत भाकरी व तिखट रस्सा यांना एक दिवस रजा द्यावी. हे पदार्थ खरचटलेल्या घशाला बोंचतात. आमच्या त्या मुलासाठीं त्याची मावशी मोठ्या प्रेमानें गरम बटाटेवडे घेऊन आली होती. त्यानें एक घांस घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलें. बिचारी मावशी स्वतःसच दोष देत बसली. तिला कोणीं कांहीं सांगितलेंच नव्हतें.

घसा खवखवण्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चांगल्या, पण गुळणी थुंकतां येईल एवढें मूल असावें. एक वर्षावरील मुलास मधाचें बोट चाटवावें. एक वर्षाखालील बाळास मात्र मध मुळींच देऊं नये, त्यापासून बाळास बोट्युलिझम नांवाचा भयंकर रोग होण्याचा संभव असतो. चघळण्याच्या कठीण गोळ्या लहान मुलांच्या घशांत अडकतात, म्हणून त्या देऊं नयेत. वाफेच्या भांड्याजवळ गुंगींतल्या मुलास बसवूं नये. भाजण्याचें भय असतें.

पोट फुगलें असेल तर निजून राहण्यापेक्षां हळूहळू चालविणें बरें. चालतां येत नसेल तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशीं घेऊन निजवावें, व पोटावरून घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें हलका हात फिरवावा. ढेंकर व वारा सरूं द्यावा. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, हें मुलाला आधींच सांगून ठेवावें. वर्गांत हंसें होतें म्हणून दाबून ठेवणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि तींच अधिक कळवळतात. सोड्याचीं पेयें त्या दिवशीं देऊं नयेत. त्यांनीं आणखी वायु पोटांत जातो.

एवढ्यानें भागलें नाहीं तर औषध. मुलांस पॅरासिटामॉल हें सर्वांत सुरक्षित, पण तेंहि वजनाच्या मानानें. एका वेळची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोस १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलास ३०० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्यें सहा तासांचें अंतर ठेवावें, व २४ तासांत चार मात्रांहून अधिक देऊं नये. बाटलीवरील आंकडा वाचल्याखेरीज चमचा भरूं नये, कारण एकाच नांवाच्या दोन बाटल्यांत औषध कमीअधिक तीव्र असतें. इस्पितळांत हें औषध आधींच दिलें आहे कीं काय, तेंहि विचारून घ्यावें. ॲस्पिरिन मुलांस देऊं नये. त्याच्यामुळें यकृत व मेंदू यांवर आघात करणारा राय यांच्या नांवाचा विकार होण्याचा धोका असतो. तुकडा काढला असेल किंवा पोटांत व्रण असेल, तर आयब्युप्रोफेनहि डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊं नये.

साधा त्रास व धोक्याची खूण यांतील भेद पालकांस कळला पाहिजे. साधा त्रास तासागणिक कमी होत जातो; धोका तासागणिक वाढत जातो. हें एकच सूत्र लक्षांत ठेविलें तरी पुष्कळ झालें. पोटदुखी वाढत जाणें व पोट लांकडासारखें ताठ होणें, छातींत किंवा मानेंत कळ येणें, मान सुजणें, श्वास घेण्यास कष्ट पडणें, थुंकीहि गिळतां न येणें, ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, किंवा त्याहून वर जाणें. एकसारखी ओकारी होणें, किंवा ओकारींत रक्त अथवा हिरवें पित्त पडणें. शौचास डांबरासारखें काळें होणें. मूल हांक मारूनहि नीट जागें न होणें. यांपैकीं कांहींहि दिसलें तर रात्र आहे, पाऊस आहे, असें न म्हणतां इस्पितळ गांठावें. नळीनें छिद्र पडणें फार विरळ, पण तें घडतें. लहान आंतड्यांतून तुकडा काढल्यावर क्वचित् तेथें रक्त सांकळून वाट अडते, आणि तें एक-दोन दिवसांनींहि उमगतें. म्हणून पहिल्या रात्रीं सर्व ठीक होतें एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. तुकडा मोठ्या आंतड्यांतून काढला असेल तर शौचाबरोबर रक्ताची एखादी रेघ दिसते. तिचें भय नाहीं. चमचाभर किंवा त्याहून अधिक रक्त गेलें तर मात्र कळवावें. घरीं निघण्यापूर्वीं इस्पितळाचा रात्रीं लागणारा दूरध्वनि-क्रमांक लिहून घ्यावा.

शाळेनेंहि आपला वांटा उचलावा. भुलेचा अंमल उतरल्यासारखा दिसला तरी चोवीस तास सायकल, पोहणें, झाडावर चढणें व कवाईत बंद ठेवावी. दुसऱ्या दिवशीं मूल हुशार असेल तर वर्गांत येण्यास हरकत नाहीं. परंतु त्याला मोठ्यानें वाचावयास किंवा गावयास लावूं नये, पाण्याची बाटली जवळ ठेवूं द्यावी, व शौचास जाण्याची परवानगी न मागतां जाऊं द्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमचा सोबती असा परत आला तर ‘नळी कोठून घातली रे?’ म्हणून त्याची थट्टा करूं नका. त्याची बुडालेली वही उतरून द्या, आणि डब्यांतला मऊ भात त्याच्यापुढें सारा.

आतां आरंभीं सांगितलेल्या गोष्टीकडे परत येतों. त्या मुलाच्या अन्ननलिकेस सूज होती. औषध सुरू झालें, आणि सूज उतरली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कांहीं महिन्यांनीं पुन्हां तीच तपासणी करावी लागली. या खेपेस आम्हीं आदल्या संध्याकाळीं त्याला जवळ बसविलें व सर्व सांगितलें: सुई टोंचेल, पण आधीं मलम लावतील, झोपेंत कांहीं कळणार नाहीं, उठल्यावर घसा खवखवेल आणि पोट फुगेल, घसा एक दिवस, फार तर दोन दिवस दुखेल, पोट मोकळें झालें कीं बरें वाटेल. त्यानें बराच वेळ विचार करून विचारिलें, “घसा भाकरी खाण्याएवढा बरा कधीं होईल?” आम्हीं म्हटलें, “परवां.” मागच्या खेपेच्या खोट्या धीरापेक्षां हें उत्तर त्याला अधिक मानवलें असें दिसलें, त्या रात्रीं तो झोंपला. मावशीलाहि निरोप गेला होता. ती बटाटेवड्यांऐवजीं डबाभर शिरा घेऊन आली.

मुलांपुढें दुःख वाढवून सांगूं नये हें खरें, पण तें लपवूंहि नये. किती दुखेल, किती वेळ दुखेल, आणि त्यावर आपण काय करणार आहों, या तीन प्रश्नांचीं खरीं उत्तरें मिळालीं कीं मूल पुष्कळ सोसतें. अज्ञात दुःखास तें भितें. सांगून आलेल्या दुःखाचे तें तास मोजतें. तपासणीच्या तिसऱ्या दिवशीं तो मुलगा जेवणघरांतून भाकरी खातच बाहेर आला आणि आमच्या समोर उभा राहून म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलं तेवढंच दुखलं.” आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरींत याहून मोलाची पावती आम्हांस क्वचितच मिळाली असेल.